पेट घेण्याआधीचे अर्धे मिनिट

मराठीत 'प्रयोग' हा शब्द दोन ठिकाणी चालतो. नाटकाचा प्रयोग असतो, तसा प्रयोगशाळेतलाही प्रयोगच असतो. नाटकाचा प्रयोग झाला की चार दिवसांत त्याचे परीक्षण छापून येते. प्रेक्षक कुठे हसले, कुठे चुळबुळले, कोणत्या प्रवेशाला टाळी पडली आणि ती टाळी योग्य जागी पडली का, याची चर्चा होते. विज्ञानाच्या प्रयोगाच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. शाळाशाळांतून, गावोगावच्या सभागृहांतून विज्ञानाचे 'प्रयोग' हजारोंनी झाले. पण समोर बसलेल्या माणसांनी त्यांचे काय केले, हे कोणी लिहून ठेवलेले आमच्या तरी फारसे वाचनात नाही. प्रयोग यशस्वी झाला म्हणजे रंग बदलला किंवा जाळ झाला, एवढ्यावर आपण समाधान मानतो.

म्हणून आम्ही येथे एका प्रयोगाचे परीक्षण करणार आहोत. हा प्रयोग महाराष्ट्रातल्या बहुतेक शिक्षकांनी कधी ना कधी पाहिलेला आहे. समोर होमकुंड किंवा एखादी पाटी असते. तीत थोडी राख, काटक्या, कापूस. 'बुवा' मंत्र पुटपुटतो आणि वाटीतले 'तूप' आत ओततो. काही क्षण काहीच होत नाही. मग धूर निघतो, आणि काडी न ओढता एकदम जाळ उठतो. टाळ्या पडतात. नंतर सादरकर्ते भगवी शाल उतरवून सांगतात, की राखेखाली पोटॅशियम परमँगनेट होते आणि तूप म्हणून ओतले ते ग्लिसरीन होते.

या प्रयोगाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. श्रीलंकेचे अब्राहम कोवूर आणि दक्षिणेतले बी. प्रेमानंद यांनी बुवाबाजीचे चमत्कार स्वतः करून दाखवण्याची रीत रूढ केली. महाराष्ट्रात १९८९ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली आणि कार्यकर्त्यांच्या पिढ्यांनी हे सादरीकरण खेडोपाडी नेले. त्या कामाची किंमत काय मोजावी लागली, हे २० ऑगस्ट २०१३ नंतर कोणाला सांगण्याची गरज नाही. तेव्हा पुढे आम्ही जे म्हणणार आहोत, ते त्या चळवळीच्या हेतूवरचे आक्षेप नव्हेत. आमचे म्हणणे प्रयोगाविषयी आहे. बुवाच्या भक्तांसमोर जो प्रयोग चोख ठरतो, तोच जसाच्या तसा शाळेत आणला तर काय होते, एवढाच आमचा विषय.

काही वर्षांपूर्वी सातपाटीला हा प्रयोग आम्ही प्रेक्षकांत बसून पाहिला. पालघर स्टेशनाहून पश्चिमेला रस्ता जिथे समुद्राला भिडतो, तिथले हे मच्छीमारांचे गाव. पापलेटसाठी याचे नाव मुंबईपर्यंत घेतले जाते. दिवस जुलैचे होते. पावसाळी मासेमारीबंदी चालू असल्याने होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या होत्या. एरवी समुद्रात असणारी पुरुषमंडळी गावात मोकळी होती, त्यामुळे शाळेच्या कार्यक्रमाला मुलांबरोबर आईबापही आले होते. सादरकर्ते एक तरुण शिक्षक होते; उत्साही आणि तयारीचे. आम्ही मागच्या बाकावर वही घेऊन बसलो आणि प्रयोगापेक्षा प्रेक्षकांकडेच जास्त पाहिले.

त्या दिवशी जाळ लवकर उठेना. याचे कारण बहुधा हवेत होते. ग्लिसरीनला पाण्याची हाव असते; सैल बुचाच्या बाटलीत ठेवले की ते हवेतली वाफ ओढून घेते आणि पातळ होत जाते. किनाऱ्यावरच्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. पाणी मिसळलेल्या ग्लिसरीनचा प्रयोग रेंगाळतो, कधी पेटतच नाही. ओतून पंधरा सेकंद झाली, वीस झाली. मुले पुढे झुकली. पंचवीस सेकंदांवर एक मुलगा मोठ्याने म्हणाला, "फसला!" हशा पिकला. सादरकर्त्यांनी आवाज चढवून मंत्राचे आणखी एक आवर्तन केले. त्या गडबडीत पहिला पांढरा धूर निघाला तो फारच थोड्यांनी पाहिला. मग जांभळट जाळ उठला, टाळ्या पडल्या आणि सगळे सुरळीत झाले.

आमच्या मते त्या प्रयोगातला सर्वांत मोलाचा भाग ती पंचवीस-तीस सेकंदे होती, आणि नेमकी तीच मंत्राने भरून काढली गेली.

पुढे उलगडा करताना सांगण्यात आले, "पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीन एकत्र आले की रासायनिक अभिक्रिया होते आणि आग लागते." हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे, की त्यात काही खटकत नाही. पण प्रेक्षकांनी नुकतेच काय पाहिले होते? दोन्ही पदार्थ एकत्र आले होते आणि अर्धे मिनिट आग लागली नव्हती. म्हणजे डोळ्यांनी एक पाहिले आणि कानांनी दुसरेच ऐकले. बुवा म्हणत होता मंत्र म्हटला की आग लागते. शिक्षक म्हणाले ही दोन नावे एकत्र आली की आग लागते. परमँगनेटची नाव म्हणून ओळख झाली, हा लाभ खराच. पण आग का लागली, हा प्रश्न होता तिथेच राहिला, आणि उशिरा का लागली हा प्रश्न तर कोणी विचारलाच नाही. ज्या मुलाने "फसला!" म्हटले, त्याने तो विचारला होता असे म्हणायला हरकत नाही, फक्त त्याची पद्धत शाळेला चालणारी नव्हती.

आता त्या अर्ध्या मिनिटात काय घडते ते पाहू. परमँगनेट हा ऑक्सिजन देऊ करणारा जहाल पदार्थ आहे, आणि ग्लिसरीन हा सहज ऑक्सिडीकरण होणारा पदार्थ. ग्लिसरीन मधासारखे दाट असते. ते स्फटिकांवर पडले की आधी फक्त वरवर भिजवते, आणि जिथे स्पर्श होतो तिथे अभिक्रिया संथपणे सुरू होते. अभिक्रिया उष्मादायी आहे, म्हणून तिथला भाग किंचित तापतो. तापला की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढतो. तापमान १० अंशांनी वाढले की अनेक अभिक्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो हे आपण शिकवतोच. दुसरी गोष्ट, ग्लिसरीन पातळ होते. २० अंश सेल्सिअसवरून ४० अंशांवर गेले की त्याचा दाटपणा सुमारे एकपंचमांश उरतो. पातळ झालेले ग्लिसरीन स्फटिकांच्या फटींत शिरते, स्पर्शाचे क्षेत्र वाढते आणि उष्णता आणखी निर्माण होते. उष्णतेने वेग आणि वेगाने उष्णता, असे हे चक्र आहे.

पण हे चक्र दर वेळी जाळापर्यंत पोहोचतेच असे नाही. कारण तापलेला ढीग उष्णता बाहेरही टाकत असतो. या दोहोंची स्पर्धा १९२८ साली रशियन शास्त्रज्ञ निकोलाय सेम्योनोव यांनी गणितात मांडली. (त्यांना १९५६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक सिरिल हिन्शेलवूड यांच्याबरोबर विभागून मिळाले.) तिचा गाभा दहावीच्या वर्गाला फळ्यावर समजावता येतो. आकडे मानलेले घेऊ. भोवतालचे तापमान ३० अंश आहे, आणि त्या तापमानाला एक किलो पदार्थात दर मिनिटाला ५ एकक उष्णता निर्माण होते. दर १० अंशांना ती दुप्पट होते: ४० अंशांवर १०, ५० वर २०, ६० वर ४०, ७० वर ८०, ८० वर १६०. बाहेर जाणारी उष्णता मात्र तापमानातल्या फरकाच्या सरळ प्रमाणात वाढते. ती दर अंशाला २ एकक धरू: ४० अंशांवर २०, ५० वर ४०, ६० वर ६०, ७० वर ८०, ८० वर १००. दोन्ही रांगा शेजारी शेजारी लिहून पाहा. ४० अंशांवर निर्माण होते १० आणि जाते २०. तेव्हा पदार्थ फार तापू शकत नाही, थोडा कोमट होऊन स्थिरावतो. ७० अंशांवर दोन्ही समान. त्याच्या वर एकदा गेला की परत फिरणे नाही.

आता हाच पदार्थ लांबी, रुंदी आणि उंची तिप्पट असलेल्या ढिगात रचा. वजन सत्तावीस पट झाले, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग नऊ पटच. म्हणजे दर किलोमागे बाहेर जाणारी उष्णता एकतृतीयांश झाली. ४० अंशांवर निर्माण होते तेवढीच, १०. आणि जाते जेमतेम ६.७. ५० वर २० विरुद्ध १३.३. हा ढीग कुठेच स्थिरावत नाही. पदार्थ तोच आणि हवाही तीच असून लहान ढीग कोमट राहतो आणि मोठा पेट घेतो. होमकुंडात सादरकर्ते परमँगनेटचा ढीग करून मध्ये खळगा ठेवतात, तो यासाठीच. स्फटिक पसरून टाकले तर नुसता धूर निघून कार्यक्रम संपतो. सादरकर्त्याला ही युक्ती अनुभवाने ठाऊक असते, पण उलगड्यात तिचा उल्लेख येत नाही. खरे तर लपवलेल्या परमँगनेटइतकीच ती या 'चमत्कारा'त सामील आहे.

सातपाटीच्या सभागृहात याच गोष्टीपाशी येऊन पोहोचलेले दोन प्रेक्षक होते. उलगडा चालू असताना एक वयस्क बाई शेजारणीला सांगत होत्या, की जवळा नीट वाळला नसताना ढीग घालून ठेवला तर आतून असाच गरम होतो, हात घातला की कळते. सुकी मासळी हाताळण्यात आयुष्य गेलेल्या बाईंचे हे निरीक्षण होते. त्यांनी होमातला जाळ पाहिला आणि त्यांना ढिगाची आठवण झाली. रसायनांची नावे त्यांच्या कामाचीच नव्हती. आम्हाला विचाराल तर त्या दिवशीचा सर्वांत शास्त्रीय शेरा हाच होता. माशांतले तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून तापते, आणि ओलसर ढिगात सूक्ष्मजीवांची भर पडते. तेलकट मासळीची भुकटी जहाजातून नेताना ती आपोआप तापून पेटू शकते म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत तिची गणना धोकादायक मालात होते. ओलसर गवताच्या गंजी आतून तापून पेटतात त्याचीही जात हीच.

दुसरे प्रेक्षक बोईसरच्या एका कारखान्यात पाळीवर जाणारे गृहस्थ होते. ते उभे राहून म्हणाले, "आमच्याकडे पण असंच असतं. पाणी बंद पडलं की आधी काही कळत नाही. मग एकदम." सादरकर्ते हसून म्हणाले, "बरोबर, तीही रासायनिक अभिक्रियाच," आणि पुढच्या प्रयोगाकडे, म्हणजे रक्ताळणाऱ्या लिंबाकडे वळले. कार्यक्रमपत्रिकेत लिंबू होते आणि कारखाना नव्हता, म्हणून त्यांना दोष देण्याची आमची इच्छा नाही. पण नाट्यपरीक्षणाच्या भाषेत बोलायचे तर नाटकाचा मुख्य संवाद प्रेक्षागृहातून म्हटला गेला आणि रंगमंचावर तो कोणी उचलला नाही.

त्या संवादाचा अर्थ असा. रसायनांच्या कारखान्यात मोठ्या भांड्यात, म्हणजे रिॲक्टरमध्ये, उष्मादायी अभिक्रिया चालते. भांड्याच्या दुहेरी भिंतीतून थंड पाणी खेळवून उष्णता काढून घेतात. एक लिटरच्या चंबूपेक्षा त्याच आकाराचे आठ हजार लिटरचे भांडे प्रत्येक बाजूने वीस पट मोठे असते. म्हणून दर लिटरमागे भिंत मिळते ती चंबूच्या एकविसांश. प्रयोगशाळेत जी अभिक्रिया कोमट होऊन थांबते, तीच मोठ्या भांड्यात पाण्याच्या आधारावर उभी असते. पाणी थांबले किंवा ढवळणी थांबली की लगेच काही होत नाही. काटा हळूहळू चढतो. या काळाला अभियंते मोठा मान देतात, कारण सुधारणा करण्याची संधी फक्त त्यातच असते.

इटलीत सेवेसो गावाजवळच्या कारखान्यात १० जुलै १९७६ रोजी जे घडले ते या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. शनिवारी पहाटे पाळी संपताना ट्रायक्लोरोफिनॉलच्या भांड्यातले काम अर्धवट ठेवून ढवळणी बंद करण्यात आली. भांडे नेहमीच्या समजुतीप्रमाणे धोक्याच्या तापमानाच्या पुष्कळ खाली होते. कामगार सुटीला घरी गेले. दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांनी सुरक्षा-चकती फुटली आणि डायॉक्सिनयुक्त ढग आसपासच्या वस्तीवर पसरला. पुढील तपासात दिसले, की भांड्याच्या गरम राहिलेल्या वरच्या भिंतीने न ढवळलेल्या द्रवाचा वरचा थर तापवला आणि तिथून संथ अभिक्रिया सुरू झाली. होमकुंडातले अर्धे मिनिट इथे सहा-सात तासांचे झाले होते. १९८४ साली भोपाळच्या टाकीत पाणी शिरल्यावरही अभिक्रियेने वेग घ्यायला असाच अवधी घेतला होता.

सातपाटीच्या प्रेक्षकांना हे दूरदेशीचे वाटण्याचे कारण नाही. पालघरच्या पुढे उमरोळी आणि मग बोईसर. तारापूर औद्योगिक वसाहतीत रंग, औषधे, रसायने यांचे शेकडो कारखाने आहेत, आणि आसपासच्या गावांतली माणसे त्यांत राबतात. ११ जानेवारी २०२० रोजी संध्याकाळी तिथल्या एका कारखान्यात झालेल्या स्फोटात आठ माणसे गेली. त्या स्फोटाच्या कारणमीमांसेत आम्ही शिरत नाही. सगळे स्फोट वर सांगितलेल्या प्रकारचे नसतात. पण जिथल्या मुलांचे बाप आणि भाऊ असे काटे पाहत रात्रपाळी करतात, तिथे 'उशिरा आणि मग एकदम' ही गोष्ट विज्ञानाच्या तासाला सांगायची राहून जावी, हे बरे नव्हे.

आणखी एक प्रतिक्रिया नोंदवण्यासारखी आहे. जाळ उठल्यावर पुढच्या रांगेतल्या एका आईने मुलाला मागे ओढले आणि म्हणाली, "केमिकल आहे ते." सादरकर्ते लगेच म्हणाले, "घाबरू नका, ही फक्त रासायनिक अभिक्रिया आहे." शहरातल्या शाळेत हा 'फक्त' धीर देतो. पण या किनाऱ्यावर केमिकल म्हणजे खाडीत आणि समुद्रात उतरणारे सांडपाणी. त्या पाण्याविरुद्ध मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. अशा ठिकाणी रसायनाची भीती ही अंधश्रद्धा नव्हे, आणि ती 'फक्त' म्हणून उडवूनही लावता येत नाही. त्या आईला उत्तर द्यायचे होते तर असे देता आले असते: हे कोणते रसायन, किती, कशाच्या संगतीत, आणि उरले ते कुठे टाकायचे. परमँगनेट तर गावाला परके नाही. विहिरीत टाकायचे लाल औषध ते हेच. आग्र्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन यांनी १८९० च्या दशकात कॉलऱ्याविरुद्ध विहिरींत परमँगनेट टाकण्याचा मोठा पुरस्कार केला होता. ऑक्सिजन देऊ करण्याचा जो गुण विहिरीत जंतूंना मारतो तोच होमकुंडात ग्लिसरीनला पेटवतो. हे एक वाक्य सांगितले असते तर आईचे आणि रसायनशास्त्राचे, दोघांचे समाधान झाले असते.

जाता जाता जाळाच्या रंगाविषयी. बऱ्याच मुलांनी जाळ जांभळा होता हे अचूक टिपले. आणि परमँगनेट जांभळे म्हणून जाळ जांभळा, असा निष्कर्षही काढला. तो कोणी दुरुस्त केला नाही. परमँगनेटचा जांभळा रंग परमँगनेट आयनाचा आहे. तो प्रकाशातला हिरवा भाग शोषून घेतो. जाळातली जांभळी झाक पोटॅशियमची. बिनरंगाच्या पोटॅशियमच्या क्षारानेही ज्योतीला हीच झाक येते. दोन जांभळे रंग शेजारी आले हा योगायोग, आणि डोळस मुलाला फसवणारा. शिक्षकांना इथे पाच मिनिटांचा सुंदर तास आयता मिळतो.

सादरीकरण करणारे मित्र यावर म्हणतील, की एवढे सगळे सांगत बसलो तर प्रेक्षक उठून जातील. आम्हाला बुवाची भीती घालवायची आहे, सेम्योनोव शिकवायचा नाही. बुवाच्या मठाबाहेर चौकात उभे असाल तर हे आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. तिथे 'खाली काहीतरी लपवले आहे' एवढी शंका रुजली की काम झाले. पण शाळेत येणाऱ्या मुलांना ती शंका आधीच असते. सातपाटीच्या मुलांनी तर जाळाच्या आधीच एकमेकांना सांगितले होते, की राखेत काहीतरी आहे. ज्यांना लपवाछपवी अगोदरच ठाऊक आहे त्यांना ती पुन्हा उघड करून दाखवण्यात काय मिळवले? टाळी मिळाली, एवढेच. मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी दिलेली मेणबत्तीवरची व्याख्याने (१८४८, आणि पुन्हा १८६०–६१) आजही वाचली जातात. मेणबत्तीत लपवण्यासारखे काहीच नव्हते. मुलांनी रोज पाहिलेली वस्तू त्यांनी समोर ठेवली आणि सहा व्याख्याने तिच्यावरून हलले नाहीत.

या संदर्भात हळद-चुन्याचा प्रयोग आठवतो. पिवळ्या हळदीत चुन्याचे पाणी पडताच ती लाल होते, हे चमत्काराच्या कार्यक्रमांत हमखास असते. मुले आ वासतात. त्यांच्या आयांवर मात्र त्याचा काही परिणाम होत नाही. हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि उन्हात उडतो हे त्यांना माहीत असते, आणि हळद-चुन्यापासून कुंकू होते हेही. त्या गप्प बसतात म्हणून सादरकर्त्याला प्रयोग पडला असे वाटते. आमच्या मते तिथे जाणकार प्रेक्षक भेटलेला असतो, आणि त्याला प्रश्न विचारण्याची संधी वाया जाते.

आता सर्वांत गंभीर प्रतिक्रिया. कार्यक्रम संपल्यावर चार-पाच मुले टेबलाभोवती जमली आणि विचारू लागली, "हे कुठे मिळतं?" घरी करून पाहण्याची इच्छा ही विज्ञानाच्या कार्यक्रमाची सर्वांत मोठी पावती, आणि या प्रयोगाच्या बाबतीत सर्वांत मोठे भय. दोन्ही पदार्थ औषधाच्या दुकानात मिळू शकतात. घरी पोरगा ते एकत्र करतो. वाट पाहतो. त्याने सभागृहात शिकलेला शब्द त्याला आठवतो: फसला. मग तो वाकून पाहतो, बोटाने ढवळतो, आणखी ओततो, नाहीतर कागदात गुंडाळून केराच्या टोपलीत टाकून झोपायला जातो. यांतली प्रत्येक कृती अर्ध्या मिनिटाच्या अज्ञानातून येते. 'एकत्र आले की आग लागते' हे ज्याला शिकवले, त्याला आग लागली नाही म्हणजे धोका संपला असेच वाटणार. तेव्हा उलगड्यातली ती ढिलाई केवळ तात्त्विक नाही. हा प्रयोग मुलांच्या हाती कधीच देऊ नये. शिक्षकांनी स्वतः, मोकळ्या जागी, डोळ्यांवर चष्मा आणि शेजारी वाळूची बादली ठेवून, प्रेक्षक दूर बसवून करावा. आणि ओतल्यावर मंत्र म्हणू नये. मोठ्याने सेकंद मोजावेत. पहिला धूर कोणत्या आकड्याला निघाला आणि जाळ कोणत्या, हे मुलांना लिहू द्यावे. पंचविसाव्या सेकंदाला कोणी "फसला" म्हणालाच, तर त्याला विचारावे, "कशावरून?" प्रयोग खरोखर पेटलाच नाही, तरी त्या पाटीला लगेच हात लावायचा नाही, हेही त्याच वेळी मुलांच्या डोळ्यांदेखत पाळावे.

वाट पाहणे शिकवायला निरुपद्रवी साधनेही आहेत. जुन्या लोकांना चुनकळी ठाऊक असेल. पाणी शिंपडल्यावर ती काही वेळ मुकाट बसते आणि मग फुटून उकळू लागते. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरून चुनकळी वाहून नेणाऱ्या शिडाच्या जहाजांना आत पाणी शिरून आगी लागत. तेव्हा खलाशी सगळ्या फटी लिंपून दिवसेंदिवस वाट पाहत बसत, असे वर्णन आहे. होडीत वाढलेल्या मुलांना हा प्रसंग सांगून पाहावा. पण चुनकळी डोळ्यांत उडाली तर डोळा जातो, म्हणून तीही घरी नको.

घरासाठी आम्ही मटकी सुचवू. दोन सारखे थर्मास घ्यावेत. रात्रभर भिजवून मोड यायला लागलेली मटकी एकात गळ्यापर्यंत भरावी. दुसऱ्यात तेवढीच, पण उकडून थंड केलेली. दोन्हींत तापमापी खोचून तोंड कापसाने सैलसर बंद करावे; बूच लावू नये, मोडांना हवा हवी. तिसरी मूठ ताटात पसरून ठेवावी. दर तीन तासांनी तिन्हींचे तापमान वहीत लिहावे, शेजारी खोलीचेही. ताटातली मटकी खोलीइतकीच राहील. मोडांचा थर्मास काही अंशांनी चढेल. मोडांच्या श्वसनातून उष्णता निर्माण होते, आणि थर्मास ती बाहेर जाऊ देत नाही. अर्धा भरलेला थर्मास किती चढतो हे पुढच्या खेपेला पाहावे. उकडलेली मटकी पहिला दिवस थंड बसेल. मुले तिची नोंद कंटाळून सोडून देतील, कारण ती मेलेली आहे. नोंद सोडू देऊ नये. पावसाळ्याच्या दमट हवेत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिचाही पारा बहुधा हलू लागेल आणि वास येईल. तिथे मोड नाहीत, सूक्ष्मजीव आहेत. ओल्या जवळ्याच्या ढिगात हात घातल्यावर लागते ती ऊब थोडीफार याच जातीची. त्या मटकीची मात्र नंतर उसळ करू नये.